माजी माजी उठाव (१९०५–०७) : कापसाच्या शेतातून दुष्काळापर्यंत

रानवाट (धागाकर्ती)

आधी नावाचा घोळ मिटवते. हे 'माजी' म्हणजे माजी आमदारांतलं माजी नव्हे. स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी. आजच्या टांझानियाच्या दक्षिणेत, तेव्हाच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत, १९०५ च्या जुलैअखेरीस हा उठाव पेटला आणि १९०७ पर्यंत कुठे ना कुठे धुमसत राहिला. दार-ए-सलामच्या दक्षिणेपासून थेट न्यासा सरोवरापर्यंत, वसाहतीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्यात ओढला गेला.

एरवी हा उठाव एका वाक्यात उरकला जातो : मंतरलेलं पाणी अंगावर घेऊन लोक मशीनगनपुढे गेले आणि मेले. महेंगे या जर्मन ठाण्यापुढे तसं घडलंही. पण मेलेल्यांपैकी बहुतेक लोक गोळीने मेलेच नाहीत, ते उपासमारीने मेले, आणि ती उपासमार ठरवून घडवलेली होती. शिवाय एक राजा, एक भाषा, एक सैन्य असं काहीच नसलेले वीसएक समाज काही आठवड्यांत एकत्र कसे आले, याचं उत्तर त्या पाण्यातच आहे. या दोन गोष्टींवर नीट बोलावं म्हणून हा धागा.

सुरुवात कापसापासून करते. जर्मनीतल्या गिरण्या अमेरिकन कापसावर चालत. ते परावलंबन तोडायचं म्हणून वसाहतींत कापूस घ्यायचं ठरलं. टोगोमध्ये त्यासाठी १९०१ साली अमेरिकेतल्या टस्कीगी संस्थेतून माणसं आणली गेली. पूर्व आफ्रिकेत गव्हर्नर ग्राफ फॉन ग्यॉट्झेन याने १९०२ मध्ये दार-ए-सलाम जिल्ह्यापासून 'सामुदायिक शेत' सुरू केलं आणि मग ते किनाऱ्याने दक्षिणेकडे नेलं. व्यवस्था अशी :

प्रत्येक जुंबेच्या, म्हणजे गावमुखियाच्या, हद्दीत एक कापसाचं शेत. गावातल्या प्रौढांनी तिथे वर्षाला २८ दिवस काम करायचं. कापूस विकून जे येईल त्याचे तीन सारखे वाटे : एक राबणाऱ्या सगळ्यांना मिळून, एक जुंबेला, एक जिल्ह्याच्या तिजोरीला. कागदावर हे फार वाईट दिसत नाही. प्रत्यक्षात राबणाऱ्यांचा तो एक वाटा अख्ख्या गावात वाटला की माणशी इतकं थोडं उरे, की काही ठिकाणी लोकांनी ते पैसे घ्यायलाच नकार दिला. आणि २८ दिवसांत कापूस निघत नाही. जुंबेवर अकिडा असे, म्हणजे सरकारने नेमलेला, बहुधा किनाऱ्यावरचा अरब किंवा स्वाहिली अंमलदार. त्याला आकडा दाखवायचा असे, त्यामुळे उरलेले दिवस चाबकाने भरून काढले जात.

कापूसकोंड्या

२८ दिवसांत का निघत नाही हे सविस्तर लिहितो, कारण उठावाच्या वेळेचं गणित त्यातच दडलं आहे.

कापूस हे पेरून विसरायचं पीक नाही. जमीन साफ करायची, टोकणी, विरळणी, मग किमान दोन-तीन खुरपण्या. पहिली खुरपणी चुकली तर रोपं तणाखाली जातात आणि पुढचं सगळं वाया. सगळ्यात जास्त हात लागतात ते वेचणीला. बोंडं एकदम फुटत नाहीत, फुटतील तशी पुन्हा पुन्हा वेचावी लागतात. उघडं बोंड शेतात राहिलं की धूळ आणि पालापाचोळा चिकटून प्रत उतरते. म्हणजे एका शेतावर महिनोन् महिने माणसं अडकतात.

त्या भागात मुख्य अन्न ज्वारी. पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू झाला की पेरायची, पुढच्या मे-जूनपर्यंत काढायची. ज्वारीला खुरपणीइतकीच राखण लागते. दिवसा पाखरं, रात्री रानडुकरं. मातुंबी डोंगर, रुफिजीचं खोरं, सगळीकडे जंगल शेताला भिडलेलं. डुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक झोपवतो. कणसं भरताना पुरुष माणूस मचाणावर नसेल तर घरात दाणा येत नाही. नेमक्या त्याच महिन्यांत त्याला कापसाच्या लागवडीला आणि खुरपणीला नेलं जाई. त्यात जर्मन शिकार-कायद्यांनी आणि राखीव जंगलाच्या नियमांनी जनावरं मारण्यावर बंधनं आणली होती. मजुरीचे पैसे कमी मिळाले हा एक राग, पण त्यापेक्षा खोल राग घरची कणगी रिकामी राहते याचा होता.

आता तारीख पाहा. जुलैअखेर म्हणजे ज्वारी घरात आलेली, आणि कापसाची बोंडं फुटायला लागलेली. पुढची वेचणी डोक्यावर. उठाव त्याच आठवड्यात झाला.

नाणेघाट

कापसाइतकाच कराचाही जाच होता, म्हणून नाण्यांबद्दल थोडं.

१८९८ पासून झोपडीकर लागू झाला : प्रत्येक झोपडीला वर्षाला ३ रुपये. हो, रुपयेच! जर्मन पूर्व आफ्रिकेचं अधिकृत चलन रुपया होतं, मार्क नव्हे. झांजिबार आणि त्या किनाऱ्यावर मुंबईशी चालणाऱ्या व्यापारामुळे भारतीय रुपया आधीच रुळलेला होता. जर्मनांनी १८९० पासून आपला रुपया पाडला तो आपल्याकडच्या रुपयाच्याच वजनाचा, ११.६६ ग्रॅम, कसही तोच. एका बाजूला गरुडाचं शिरस्त्राण घातलेला कैसर दुसरा विल्हेल्म, दुसऱ्या बाजूला सिंह आणि पामचं झाड. सुटं नाणं होतं तांब्याचा 'पेसा'. शब्द आपला पैसाच. ६४ पेसांचा एक रुपया, आपल्या जुन्या ६४ पैशांसारखाच. त्यावर अरबीतून मजकूर होता, कारण किनाऱ्यावरचा व्यापारी ती लिपी वाचत असे. १९०४ मध्ये ही पद्धत मोडून १०० हेलरचा रुपया केला आणि १५ रुपये म्हणजे २० मार्क असा दर बांधला. म्हणजे एका झोपडीचा कर ४ मार्क, वजनात पाहिलं तर सुमारे ३५ ग्रॅमची नाणी.

डोंगरातल्या माणसाकडे ही नाणी येणार कुठून? किनाऱ्यावरच्या दुकानदाराला धान्य, मेण किंवा रबर विकून, नाहीतर मळ्यावर मजुरी करून. दुकानदार बरेचसे गुजराती. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात आणि पोत्याला 'गुनिया', म्हणजे आपली गोणी. शब्दांवरूनच लक्षात येईल की हा व्यवहार कोणाच्या हातून जात होता. उठावात सामांगासारखी व्यापारी ठाणी पहिल्या काही दिवसांतच जळली, त्यामागे हा हिशोबही होता.

आणि १९०५ च्या मार्चमध्ये कराचे नियम पुन्हा बदलून आणखी कडक झाले. उठावाआधी चारच महिने.

खडूफळा

माहिती उत्तम. पण पाण्याचा मुद्दा बाजूला पडतोय. लोकांचा गोळ्यांचं पाणी होतं यावर विश्वास होता की नव्हता? आणि ते पाणी देणाऱ्या किंजिकिटिले या मांत्रिकाने दोन वर्षं हा लढा चालवला असं वाचलं आहे, तर त्याच्या डावपेचांबद्दल कोणी लिहील का?

रानवाट

खडूफळा, शेवटचं आधी दुरुस्त करते. किंजिकिटिले ङ्ग्वालेने दोन वर्षं लढा चालवला नाही. त्याला ४ ऑगस्ट १९०५ रोजी मोहोरो इथे फाशी दिलं. पहिली रोपं उपटल्यानंतर दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. फासावर जाण्याआधी त्याने सांगितलं असं नोंदलेलं आहे की औषध आता किलोसा आणि महेंग्यापर्यंत पोचलं आहे, मला मारून काही फरक पडणार नाही. ते खरं निघालं.

त्याची गोष्ट १९०४ पासून सुरू होते. ङ्गारांबे हे त्याचं गाव, रुफिजीच्या दक्षिणेला. त्याच्या अंगात 'होंगो' हा दैवी संचार झाला, तो डोहात शिरला, रात्रभर वर आला नाही आणि दुसऱ्या दिवशी कोरडा बाहेर आला, असं तिथले लोक सांगत आले आहेत. होंगो हा त्या भागातला मोठा देव बोकेरो याचा दूत. बोकेरोचं ठाणं रुफिजी नदीवर होतं आणि पाऊस, पीक, रोगराई यांसाठी दूरदूरचे लोक पूर्वीपासून तिथे येत. म्हणजे पाणी आणि पीक यांचं देवस्थान आधीपासून होतं, यात्रेच्या वाटाही मळलेल्या होत्या. किंजिकिटिलेने त्याच वाटांवर नवा निरोप सोडला.

औषध कसं होतं? पाणी, एरंडेल आणि ज्वारीचे दाणे. ते थोडं प्यायचं, थोडं अंगावर शिंपडायचं, थोडं छोट्या बुधल्यात भरून गळ्यात अडकवायचं. कपाळाभोवती ज्वारीच्या ताटाचा पट्टा. आपल्याला हे वाचताना वेगळं वाटायचं कारण नाही, हे शेतकऱ्याच्या घरातलं सामान आहे. पावसाचं पाणी, दिव्याचं तेल, पेरायचं बी.

त्याबरोबर पथ्यं होती. लढाई संपेपर्यंत स्त्रीसंग नाही, लूट करायची नाही, काही पदार्थ खायचे नाहीत. हे नियम वरवर कर्मकांड वाटतात, पण शिस्त नसलेल्या जमावाला ते लष्करी शिस्त लावतात. ङ्गारांबेला येणाऱ्यांकडून कवायतही करून घेत, तिला 'लिकिंदा' म्हणत. निरोप कुजबुजीने एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाई, त्या गुप्त प्रचाराला 'ञ्ज्विय्विला' असं नाव होतं. आणि गोम अशी, की पाणी घेतलं की मातुंबी असो, ङ्गिंदो असो की पोगोरो, सगळे एकाच व्रतात बांधले जात. एरवी एकमेकांच्या गावावर धाडी घालणारे लोक.

विश्वास होता का? होता. काहींचा पूर्ण, काहींचा अर्धा. सुरुवातीच्या चकमकी अकिडाच्या मूठभर शिपायांशी झाल्या आणि त्यात लोक जिंकले. औषध लागू पडतं याचा तो डोळ्यांदेखत पुरावा होता. एखादा गोळीने मेलाच, तर त्याने पथ्य मोडलं असणार.

रानवाट

वरच्यातच एक महत्त्वाचं राहिलं. किंजिकिटिलेने लोकांना सांगितलं होतं की मी सांगेपर्यंत थांबा. सगळीकडे औषध पोचल्यावर एकदम उठायचं असा बेत होता. मातुंबी थांबले नाहीत, कारण वेचणी आली होती. नांदेते इथे जुलैअखेरीस एका सकाळी ङ्गुलुंबाल्यो मंडाई आणि लिंदिम्यो माचेला या दोघांनी कापसाची पहिली रोपं उपटली. कापूस उपटणं हाच युद्धाचा पुकारा होता. मग लोक किबाट्याच्या अकिडावर, सेफू बिन अम्री याच्यावर, चालून गेले. ३१ जुलैला सामांगा जाळलं.

याचा परिणाम असा झाला की उठाव एकाच क्षणी न पेटता पाण्यात दगड टाकल्यावर लाटा जाव्यात तसा पसरला. ऑगस्टमध्ये लिवाले, ऑगस्टअखेर महेंगे, सप्टेंबरमध्ये ङ्गोनी. जर्मनांकडे सैन्य थोडं होतं. सगळे एका आठवड्यात उठले असते तर त्यांना किनारा सोडून आत जाता आलं नसतं. लाटेमागून लाट आल्यामुळे एकेक भाग निवांत हाताळता आला.

सह्यकडा

लष्करी बाजू लिहितो.

ऑगस्टच्या मध्यावर लिवालेचा बोमा (तटबंदीचं सरकारी ठाणं) पडला आणि जळाला. त्याच सुमारास, १४ ऑगस्टला, लिवाले भागातून जाणारे दार-ए-सलामचे बेनेडिक्टाइन बिशप कासियान श्पिस, दोन ब्रदर आणि दोन सिस्टर असे पाच जण मारले गेले. युरोपात खळबळ उडाली ती या बातमीने.

महेंगे, ३० ऑगस्ट. इथे कॅप्टन फॉन हासेल होता. ठाणं उंचावर, सभोवतालची जागा साफ केलेली, दोन मशीनगन. अस्करी, म्हणजे जर्मन सैन्यातले आफ्रिकी शिपाई, शंभराच्याही आतले, पण जोडीला बेनांचा सुलतान किवांगा आपल्या माणसांसह जर्मनांच्या बाजूने. समोरून म्बुंगा आणि पोगोरो हजारोंच्या संख्येने आले. चुकलं काय, तर तुकड्या एकदम आल्या नाहीत. पहिली फळी सकाळी उघड्या उतारावरून दाट रांगांत चढली. मशीनगनला याहून सोयीचं लक्ष्य नसतं. ती मोडल्यावर दुसरी बाजू चालून आली, तोवर तोफखान्याला तोंड वळवायला वेळ मिळाला होता. तरीही काही जण तटाच्या अगदी जवळ पोचले. त्यानंतर ठाण्याला वेढा पडला तो सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत. इरिंग्याहून कॅप्टन निगमान आला तेव्हा तो उठला.

हत्यारांचा फरकही लक्षात घ्यावा. उठाववाल्यांकडे भाले, बाण आणि तोंडातून दारू ठासायच्या जुन्या बंदुका. ठासणीची बंदूक मिनिटाला एक-दोन बार काढते, तेही दारू कोरडी असेल तर. अस्करींकडे १८७१ च्या नमुन्याची ११ मिलिमीटरची जर्मन रायफल. ती एकबारी, धुराची दारू वापरणारी, युरोपच्या मानाने जुनाट, पण मागून काडतूस भरता येणारी. आडवं पडून, आडोशाला राहून भरता येते, हाच खरा फरक. ठासणीवाल्याला भरताना उभं राहावं लागतं.

२१ ऑक्टोबरला याच निगमानने ङ्गोनींच्या मोठ्या तळावर पहाटे छापा घातला. लोक झोपेतून उठून पळाले, आणि माजी खोटं आहे असं ओरडत पळाले अशी नोंद आहे. औषधावरचा विश्वास मोठ्या प्रमाणावर तुटला तो इथे. पण लढाई त्यानंतर दीडेक वर्ष चालली, छापेमारीने. पाणी गेलं तरी कारण गेलं नव्हतं.

खडूफळा

दुरुस्तीबद्दल आभार. सह्यकडा, 'तोफखान्याला' ऐवजी 'मशीनगनला' हवं होतं ना? आणि एक शंका. हेहे हे त्या भागातले सगळ्यात लढवय्ये. त्यांनीच जर्मनांना एकदा मोठी धूळ चारली होती. मग ते यात का नव्हते?

सह्यकडा

बरोबर, मशीनगनच.

हेहेंचं उत्तर १८९१ मध्ये आहे. १७ ऑगस्ट १८९१, लुगालो. एमिल फॉन झेलेव्हस्कीची पलटण लांबलचक रांगेत अरुंद वाटेने चालली होती. बंदुका भरलेल्या नाहीत, तोफा आणि मॅक्सिम मशीनगन गाढवांवर आणि हमालांच्या पाठीवर बांधलेल्या. बाजूच्या झाडीत हेहे दबा धरून. इशारा होताच भाले घेऊन तुटून पडले. पाव तासात खेळ आटोपला. झेलेव्हस्कीसह १० युरोपीय आणि अडीचशेच्या आसपास अस्करी मेले, शेकडो रायफली हेहेंच्या हाती लागल्या. जंगलात, जवळून, एकदम अंगावर गेलं तर भाला जिंकतो. महेंग्याच्या उघड्या उतारावर तोच भाला हरतो. दोन्हींचा फरक एवढाच आहे.

पण त्यानंतर जर्मनांनी ३० ऑक्टोबर १८९४ ला हेहेंचा राजा म्क्वावा याची राजधानी कालेंगा तोफांनी घेतली. म्क्वावा चार वर्षं रानात राहून लढला. त्याला अन्न देणारी गावं जाळली, धान्य नेलं. अखेर १९ जुलै १८९८ रोजी पकडले जाण्याआधी त्याने स्वतःवर गोळी झाडली. १९०५ मध्ये हेहेंच्या अंगात पुन्हा ते सोसायची ताकद नव्हती, आणि त्यांचे प्रमुख जर्मनांच्या बाजूने राहिले.

ओवी

म्क्वावाच्या डोक्याचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं. ते कापून जर्मनीत नेलं. १९१९ च्या व्हर्सायच्या तहात २४६ व्या कलमात त्याचा उल्लेख आहे : सहा महिन्यांत सुलतान म्क्वावाची कवटी ब्रिटिश सरकारच्या ताब्यात द्यावी. सहा महिने सोडा, ३५ वर्षं गेली. १९५४ मध्ये टांगानिकाचा (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीचा) ब्रिटिश गव्हर्नर ट्वायनिंग याने ब्रेमेनच्या संग्रहालयातल्या कवट्यांमधून एक निवडून आणली. ती आता कालेंग्याला आहे.

दुसऱ्या जर्मन वसाहतीतल्या हेरेरो लोकांशी तुलना करायची झाली तर : नैऋत्य आफ्रिकेत, आजच्या नामिबियात, १२ जानेवारी १९०४ ला ओकाहांजात उठाव झाला. तिथे कारण जमीन, गुरं आणि सावकारी. त्यांचा प्रमुख सामुएल महारेरो याने हुकूम काढला होता की इंग्रज, बोअर, मिशनरी, बायका-मुलं यांना हात लावू नका. ११ ऑगस्टला वॉटरबर्गची लढाई झाली, मग माणसांना ओमाहेकेच्या निर्जळ वाळवंटात ढकलून पाणवठ्यांवर पहारे बसवले. २ ऑक्टोबर १९०४ चा जर्मन सेनापती फॉन ट्रोथाचा जाहीरनामा सरळ होता : हद्दीत दिसलेला प्रत्येक हेरेरो गोळीने मारला जाईल. ऑक्टोबरमध्ये शेजारचे नामा लोक उठले, त्यांचा प्रमुख हेंड्रिक विटबोई २९ ऑक्टोबर १९०५ ला लढताना पडला. कैद्यांच्या छावण्यांत, विशेषतः ल्यूडेरिट्झच्या शार्क बेटावर, थंडीने आणि उपासाने माणसं मेली. १९११ च्या गणतीत १५,१३० हेरेरो आणि ९,७८१ नामा उरले होते.

तिथे पाणी तोडलं, इथे अन्न. पद्धत एकाच घराण्यातली वाटते.

रानवाट

ओवी, साधर्म्य आहेच. एक वेगळेपण मात्र नोंदवायला हवं : ट्रोथाने मारण्याचा हुकूम छापून वाटला, आणि बर्लिनहून डिसेंबरमध्ये तो मागे घ्यायला लावला. पूर्व आफ्रिकेत असा एक जाहीरनामा दाखवता येत नाही. तिथे काम रोजच्या मोहिमेच्या नियमांतून झालं. म्हणूनच त्याची चर्चा कमी झाली असावी.

कॅप्टन फॉन वांगेनहाइमने १९०५ च्या ऑक्टोबरात ग्यॉट्झेनला कळवलं की केवळ लष्करी कारवाई म्हणजे समुद्रात थेंब, शेवटची शरणागती भूक आणि हलाखीच आणील. ग्यॉट्झेनला हे पटलं. मग तीन दिशांनी पलटणी निघाल्या. काम काय करायचं, तर गावं जाळायची, कणग्या फोडायच्या, धान्य स्वतःला लागेल तेवढं घेऊन उरलेलं पेटवायचं, उभं पीक तोडायचं, गुरं हाकून न्यायची.

कापूसकोंड्या

वर दिलेलं ज्वारीचं वेळापत्रक इथे लावून पाहा.

उठाव सुरू झाला तेव्हा कणग्या भरलेल्या होत्या. म्हणजे लोकांकडे साधारण पुढच्या पिकापर्यंतचं अन्न आणि बियाणं एकाच घरात. शेतकऱ्याच्या घरी बी वेगळ्या बँकेत नसतं, चांगली कणसं निवडून चुलीवर धुरात टांगलेली असतात. घर जाळलं की बी जळतं. ऑक्टोबर ते डिसेंबर ही जाळपोळीची मोहीम, आणि नोव्हेंबर-डिसेंबर हीच पेरणी. लोक रानात लपलेले, जमीन मोकळी पण पेरणारे हात नाहीत, हात असले तर बी नाही. १९०६ च्या मे-जूनमध्ये काढायला काहीच नाही. १९०६ ची पेरणीही अर्धीमुर्धी, म्हणजे १९०७ पण गेलं. एका हंगामाचं बी गेलं की तूट तीन वर्षं चालते, कारण पहिलं पीक आलं की अर्धं खावं लागतं आणि बियाण्याला पुरेसं ठेवता येत नाही. दक्षिणेत दुष्काळ तीन वर्षं चालला तो पावसाने दगा दिला म्हणून नव्हे.

उपाशी माणसं रानातली कंदमुळं खातात, अशक्त होतात, मग साधा ताप किंवा हगवण पुरते. हिशोबात त्या मृत्यूंची नोंद 'आजार' अशी होते.

नाणेघाट

आकड्यांबद्दल. जर्मन बाजूचे मृत्यू नेमके नोंदलेले आहेत : १५ युरोपीय आणि ३८९ आफ्रिकी शिपाई. आफ्रिकी लोकांचा अधिकृत जर्मन आकडा ७५,०००. टांझानियन इतिहासकार ग्वासा यांचा अंदाज अडीच ते तीन लाख. ही तफावत राष्ट्राभिमानामुळे पडलेली नाही. आधीची शिरगणती नाही, झोपडीकराच्या याद्या झोपड्या मोजतात, माणसं नाही, आणि ७५,००० मध्ये दुष्काळाची नंतरची वर्षं धरलेली नाहीत. कुठलाही आकडा उद्धृत करताना कोणत्या तारखेपर्यंतचा आणि भूकबळी धरून की सोडून, एवढं जरूर लिहावं.

ओवी

साधनांबद्दल एक सावधगिरी. ग्यॉट्झेनने स्वतःच नंतर या उठावाचा वृत्तांत लिहिला. त्याचा भर मांत्रिक आणि अंधश्रद्धा यांवर आहे. ते साहजिकच, कारण कापसाचं धोरण त्याचंच. उठाव जादूटोण्याने झाला म्हटलं की धोरणाला कोणी बोल लावत नाही. दुसरी बाजू उघडली ती १९६८ मध्ये, दार-ए-सलाम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा. वर आलेली मंडाई-माचेला ही नावं, लिकिंदा, कुजबुजीचा प्रचार, हे सगळं त्या कामातून आलं. अर्थात तो काळ नव्या राष्ट्राचा होता. टांगानिकाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते न्येरेरे यांनी १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांसमोर या उठावाचा दाखला दिला होता आणि सर्व जमातींच्या एकीची प्रतिमा हवी होती. त्यामुळे किवांगासारखे जर्मनांच्या बाजूने लढलेले लोक त्या कथनात फिके पडतात. दोन्ही साधनं शेजारी ठेवून वाचावीत.

खडूफळा

आणि कापसाच्या धोरणाचं काय झालं?

कापूसकोंड्या

सामुदायिक शेतं बंद झाली. १९०६ मध्ये ग्यॉट्झेन पदावरून गेला, गव्हर्नर म्हणून रेखेनबेर्ग आला. त्याने सक्तीपेक्षा शेतकऱ्याला स्वतःच्या रानात स्वतःच्या हिशोबाने पीक घेऊ देण्यावर भर दिला आणि त्यासाठी गोऱ्या मळेवाल्यांचा रोष पत्करला. पण दक्षिणेला त्याचा उपयोग फारसा झाला नाही, माणसंच उरली नव्हती. लिवालेच्या बाजूची ओसाड शेतं झुडपांनी गिळली, झुडपांबरोबर त्सेत्से माशी आली, माशीबरोबर जनावरांतला झोपेचा रोग, आणि मग गुरं पाळणं अशक्य. हत्ती आणि रानडुकरं परतली. पुढे याच पट्ट्यात सेलूस अभयारण्य वाढत गेलं. पर्यटकांना 'अस्पर्श रान' म्हणून दाखवतात तिथे बऱ्याच ठिकाणी लोकांची ज्वारी उभी असे.

सह्यकडा

ङ्गोनींच्या भागातल्या सोंगेआ गावाबद्दल लिहून थांबतो. ङ्गोनींच्या दोन राज्यांपैकी म्शोपेचा चाब्रुमा शरण न येता पोर्तुगीज हद्दीत गेला आणि तिथे मारला गेला. न्जेलूचा राजा म्पुता गामा पकडला गेला. २७ फेब्रुवारी १९०६ ला त्याला इतर प्रमुखांसह फाशी दिलं. त्या जागी आता माजी माजी स्मारक आणि संग्रहालय आहे, ६७ लढवय्यांची एक सामूहिक कबर आहे, आणि दरवर्षी २७ फेब्रुवारीला तिथे लोक जमतात. सोंगेआ म्बानो या सरदाराची कबर वेगळी आहे, गावाचं नाव त्याच्यावरूनच. त्याचं डोकं जर्मनीत नेलं असं त्याचे वंशज सांगतात, म्हणजे कबरीत धड आहे. १ नोव्हेंबर २०२३ ला जर्मन राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर सोंगेआला आले, स्मारकापाशी त्यांनी क्षमा मागितली आणि ते डोकं शोधण्यासाठी प्रयत्न करू असा शब्द घरच्यांना दिला.

ओवी

शोध सोपा नाही. त्या काळी कवट्या गोळा करून पाठवणाऱ्यांनी बहुतेक वेळा फक्त प्रदेश किंवा जमात लिहिली, माणसाचं नाव लिहिलं नाही. वंशजांच्या डीएनएशी जुळवून पाहणं हा एक मार्ग आहे, पण त्यासाठी आधी कोणत्या पेटीतली कवटी तपासायची हे ठरावं लागतं. बर्लिनच्या संग्रहातल्या पूर्व आफ्रिकेतल्या कवट्या हजाराहून जास्त आहेत.